पाळलेल्या कोंबडीला अखेरचा निरोप

असाध्य आजाराने ग्रासलेल्या पाळीव प्राण्याला वेदनारहित मृत्यू देण्याचा, म्हणजेच दयामरणाचा, प्रश्न कुत्र्या-मांजरांच्या संदर्भात शहरी मराठी कुटुंबांच्या आता परिचयाचा झाला आहे. कोंबडीच्या बाबतीत मात्र तो क्वचितच विचारला जातो, कारण बहुसंख्य घरांत हा पक्षी अंडी आणि मांस यांच्या हिशेबातच येतो, आणि आजारी पडलेली कोंबडी एकतर खुराड्याच्या कोपऱ्यात मरेपर्यंत पडून राहते किंवा मरण्यापूर्वीच कापली जाते. ज्या घरात तिला नाव दिलेले असते, ती हाक मारल्यावर धावत येते आणि मुलांच्या हातून दाणे टिपते, त्या घरासमोर मात्र तिच्या अखेरच्या आजारात एक अवघड निर्णय उभा राहतो, आणि त्यासाठी आवश्यक ती माहिती मराठीत सहज हाती लागत नाही.

अशी कोंबडी घरात येण्याचे मार्ग निरनिराळे असतात. आठवडी बाजारांत आणि जत्रांत गुलाबी, हिरव्या, पिवळ्या रंगांत बुडवून विकली जाणारी पिल्ले मुलांच्या हट्टापायी घरी येतात. ही पिल्ले बहुधा अंड्यांसाठी विकसित केलेल्या वाणांतील नर असतात, ज्यांचा उबवणी केंद्राला काहीच उपयोग नसतो. काही घरांत मांसासाठीच्या वाणाचे, म्हणजे ब्रॉयलरचे, पिल्लू वाढवले जाते आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जाणारे त्याचे शरीर पुढे त्याच्याच पायांना आणि हृदयाला पेलवेनासे होते. हे वाण दीर्घ आयुष्यासाठी घडवलेलेच नसल्यामुळे उत्तम काळजी घेणाऱ्या कुटुंबावरही वर्ष पूर्ण होण्याआधीच निर्णयाची वेळ येऊ शकते, आणि त्यात त्या कुटुंबाचा काही दोष नसतो. ब्रिटनमध्ये 2005 साली स्थापन झालेली ‘ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट’ ही संस्था व्यावसायिक अंडी-उत्पादनातून काढून टाकलेल्या, साधारण दीड वर्षाच्या कोंबड्या घरगुती पालकांकडे सोपवते. त्यामुळे तेथे हजारो कुटुंबांच्या परसात अशा कोंबड्या आहेत आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांचा विचारही तेथे अधिक मोकळेपणाने होतो.

ज्या घरात रविवारी कोंबडीचा रस्सा शिजतो त्याच घराने एका कोंबडीच्या मृत्यूची एवढी काळजी का वाहावी, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे योग्य नाही. त्याचे उत्तर असे की, मनुष्याने एखाद्या पक्ष्याला अन्न मानले की सोबती मानले, यावरून त्या पक्ष्याला होणारी वेदना कमी-अधिक होत नाही. शिवाय ज्या पक्ष्याला कळपातून वेगळे काढून, हाताने भरवून, कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवले गेले, त्याने स्वतःचे रक्षण करण्याचे सारे मार्ग पालकाच्या स्वाधीन केलेले असतात. त्यातून निर्माण होणारे कर्तव्य तो पक्षी अंडी देईनासा झाल्यावर संपत नाही. मांसाहाराविषयीचा वाद आपल्या जागी राहील, परंतु दारातल्या आजारी कोंबडीला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत तिष्ठत ठेवता येत नाही.

कोंबड्यांना वेदना होतात का, याविषयी आता शास्त्रीय संदिग्धता उरलेली नाही. इंग्लंडमधील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लंगड्या आणि धडधाकट अशा दोन्ही प्रकारच्या ब्रॉयलर कोंबड्यांसमोर दोन वेगळ्या रंगांचे खाद्य ठेवण्यात आले होते आणि त्यांपैकी एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेले होते. लंगड्या कोंबड्यांनी औषधाचे खाद्य अधिक प्रमाणात निवडले आणि लंगडेपणा जितका तीव्र तितके त्या औषधाचे सेवनही वाढत गेले. जो पक्षी संधी मिळताच स्वतःसाठी वेदनाशामक निवडतो, त्याचे निपचित बसणे हे केवळ ‘सुस्तावणे’ आहे असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते.

तरीही कोंबडीची वेदना वेळीच ओळखणे अत्यंत कठीण असते आणि या संपूर्ण विषयातील खरी अडचण येथेच आहे. कोंबडी हा निसर्गतः इतरांचे भक्ष्य असणारा पक्षी आहे. अशक्त दिसणारा पक्षी मुंगूस, रानमांजर वा शिकारी पक्षी यांच्या नजरेत आधी भरतो. कळपाच्या आतही एक धोका असतो. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लेइफ श्येल्डेरुप-एबे यांनी 1921 साली कोंबड्यांमधील ‘टोचणीची उतरंड’ मांडून दाखवली. प्रत्येक कळपात कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी निमूटपणे बाजूला व्हायचे याची ठरलेली क्रमवारी असते आणि दुबळी झालेली कोंबडी त्या क्रमवारीत वेगाने खाली ढकलली जाते. परिणामी आजारी कोंबडी शक्य तितके दिवस इतरांबरोबर दाणे टिपण्याचे सोंग करते, म्हणजे चोच जमिनीवर मारते पण गिळत काहीच नाही, आणि ती उघडपणे आजारी दिसू लागते तेव्हा आजार बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो.

म्हणून पालकाने बारीकसारीक बदलांवर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते. तुऱ्याचा लाल रंग फिकट, जांभळट किंवा निळसर होणे, पिसे फुगवून मान आत ओढून बसणे, दिवसाही डोळे मिटलेले राहणे, शेपटी खाली झुकणे, रात्री दांडीवर चढता न येणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वर-खाली होणे, ही गंभीर लक्षणे आहेत. छातीच्या मधोमध असलेले उभे हाड बोटांना धारेसारखे जाणवू लागले तर स्नायू झिजले आहेत असे समजावे. पिसांच्या आड शरीर किती खंगले आहे हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे आठवड्यातून एकदा कोंबडीला उचलून, शक्य असल्यास वजन करून, चाचपण्याची सवय अतिशय उपयोगाची असते.

याउलट दोन अवस्था आजारासारख्या भासतात पण आजार नसतात. पीसझडीच्या काळात, म्हणजे जुनी पिसे गळून नवी येण्याच्या काळात, कोंबडी अंडी देणे थांबवते, तिचा तुरा फिका पडतो आणि ती अगदी केविलवाणी दिसते. खुडूक कोंबडीही, म्हणजे अंडी उबवण्याच्या ओढीने बसून राहिलेली कोंबडी, पिसे फुगवून दिवसभर हलत नाही. परंतु तिला हात लावताच ती गुरगुरते, टोचते, आणि दिवसातून एखाद्या वेळी उठून भराभर खाऊन-पिऊन परत जागेवर येते. आजारी कोंबडी हात लावला तरी प्रतिकार करत नाही. हा एक फरक नीट ध्यानात ठेवला तरी अकाली भीती टळते.

वय वाढलेल्या कोंबडीचे मरण अनेकदा तिच्या अंडी देण्याच्या क्षमतेतूनच येते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा घेतला तर त्याची मादी वर्षाकाठी सुमारे 10 ते 15 अंडी घालते, तर व्यावसायिक वाणाची कोंबडी सुमारे 300 अंडी देते. या अवाढव्य फरकाचा भार प्रजननसंस्थेवर पडतो. कधी अंडे अंडनलिकेत अडकते. कधी बलक नलिकेत जाण्याऐवजी उदरपोकळीत सांडतो आणि तेथे जंतुसंसर्ग होऊन पोट पाण्याने व पुवाने भरते. कधी बीजांडकोशाचा कर्करोग होतो. कोंबडीला हा कर्करोग मनुष्याप्रमाणेच आपोआप होतो आणि वयाबरोबर त्याचे प्रमाण वाढते, म्हणूनच स्त्रियांमधील या रोगाच्या संशोधनात कोंबडीचा उपयोग केला जातो. अडकलेले अंडे वेळीच उपचार झाल्यास सुटू शकते. पोट ताठ होऊन कोंबडी पाय फाकवून चालू लागली असेल तर मात्र बरे होण्याची आशा बहुधा फार थोडी असते.

बऱ्या होणाऱ्या आजारांची यादीही लहान नाही आणि दयामरणाचा विचार करण्यापूर्वी ती तपासलीच पाहिजे. जंत, उवा व गोचिडांचा उपद्रव, रक्ती हगवण, तळपायाला होणारे गळू, गळ्याखालच्या अन्नपिशवीत चारा अडकणे, या सर्वांवर पशुवैद्यकाकडे उपाय असतात. मरेक हा रोग मात्र वेगळा. हंगेरीचे पशुवैद्यक योझेफ मारेक यांनी 1907 साली वर्णिलेल्या या विषाणूजन्य रोगात कोंबडीचा एक पाय पुढे आणि एक मागे असा लुळा पडतो. पिल्लू एक दिवसाचे असताना दिलेली लस हाच त्यावरचा बचाव असून रोग जडल्यावर औषध नाही. उत्तराखंडातील गावाचे नाव मिळालेला आणि ग्रामीण महाराष्ट्रात मानमोडी म्हणून ओळखला जाणारा राणीखेत रोगही विषाणूजन्यच आहे. त्यातून वाचलेल्या कोंबडीची मान कायमची पिळवटलेली राहू शकते. अशी कोंबडी हाताने भरवल्यास काही वेळा जगते आणि स्वतः खायलाही शिकते, त्यामुळे केवळ मान वाकडी झाली म्हणून तिचा शेवट करण्याची घाई करू नये. कुत्र्याच्या हल्ल्यात पाठीचा कणा मोडलेल्या कोंबडीबाबत मात्र विलंबाला काहीच अर्थ नसतो.

निर्णयाची नेमकी वेळ कोणती, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील पशुकर्करोगतज्ज्ञ ॲलिस व्हिलालोबोस यांनी 2004 साली सुचवलेली मोजपट्टी उपयोगी पडते. ती मुळात कुत्र्या-मांजरांसाठी तयार झाली असली तरी वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, समाधान, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, हे तिचे निकष कोंबडीलाही लागू करता येतात. कोंबडीच्या बाबतीत ‘समाधान’ म्हणजे धुळीत लोळणे, माती उकरणे, उन्हात पंख पसरून पडणे आणि सोबतिणींच्या जवळ राहणे. या गोष्टी जिला करता येतात, निदान कराव्याशा तरी वाटतात, तिला वेळ द्यावा. जी कोंबडी खात नाही, पाण्याजवळ जात नाही, स्वतःच्या विष्ठेत बसून राहते आणि औषधानेही दोन-तीन दिवसांत सुधारत नाही, तिच्याबाबत पशुवैद्यकाशी स्पष्ट बोलण्याची वेळ आलेली असते. प्रेमाने वाट पाहणारे कुटुंब बहुधा उशीर करते. आजार लपवणाऱ्या या पक्ष्याच्या बाबतीत तो उशीर त्यालाच सोसावा लागतो.

दयामरणाची सर्वांत सौम्य पद्धत पशुवैद्यकाच्या हातूनच शक्य असते. प्रथम छातीच्या स्नायूत गुंगीचे औषध टोचले जाते, त्याने काही मिनिटांत कोंबडी शांत होऊन बेशुद्ध पडते, आणि त्यानंतर पंखाखालच्या शिरेतून बार्बिट्युरेट गटातील भूलऔषधाची मोठी मात्रा दिली जाते, ज्यामुळे प्रथम मेंदूचे, मग श्वसनाचे आणि हृदयाचे कार्य थांबते. काही दवाखान्यांत भुलीचा वायू नाकावाटे देऊन बेशुद्धी आणली जाते. बेशुद्ध होण्यापूर्वी हृदयात किंवा इतर अवयवांत थेट सुई खुपसणे वेदनादायक असते, म्हणून ‘आधी गुंगी दिली जाईल ना’ हे पालकाने अवश्य विचारावे. तो प्रश्न उद्धटपणाचा नाही. औषध दिल्यावर पंखांची फडफड किंवा पायांचे झटके दिसू शकतात. ती स्नायूंची प्रतिक्षिप्त, म्हणजे मेंदूच्या जाणिवेविना होणारी, हालचाल असते आणि त्याविषयी कुटुंबाला आधी सांगून ठेवलेले बरे.

पशुवैद्यक उपलब्ध नसलेल्या ठिकाणी मानेचा सांधा निखळवण्याची पद्धत जगभर वापरली जाते. हिच्यात कवटी आणि मानेचा पहिला मणका एका झटक्यात ताणून वेगळे केले जातात, ज्यायोगे मज्जारज्जू तुटतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा बंद होतो. बोलीत ज्याला मान मुरगळणे म्हणतात त्या कृतीत पिरगळण्यावर भर असतो आणि श्वासनलिका चिरडून पक्षी गुदमरण्याची शक्यता राहते. योग्य पद्धतीत ताण महत्त्वाचा असतो. युरोपीय संघाच्या 2009 सालच्या नियमावलीनुसार हाताने ही पद्धत केवळ 3 किलोपर्यंतच्या पक्ष्यांसाठी आणि एका व्यक्तीने दिवसाला 70 पक्ष्यांपर्यंतच वापरण्यास मुभा आहे, कारण थकलेल्या हाताकडून चूक होते. शुद्ध हरपायला या पद्धतीतही काही सेकंद लागू शकतात, आणि ती ज्याने प्रत्यक्ष शिकलेली नाही त्याने पुस्तकातले वाचून जिवंत कोंबडीवर करून पाहू नये. पाण्यात बुडवणे, फ्रीजमध्ये ठेवणे, पिशवीत कोंडणे, खाण्याचा सोडा व व्हिनेगर यांचा वायू डब्यात सोडणे किंवा कीटकनाशक पाजणे या साऱ्या पद्धती क्रूर आहेत. शेवटच्या काही क्षणांचा त्रास टाळण्याच्या नावाखाली त्या पक्ष्याला भयंकर यातना देतात.

कायद्याचा आधारही या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 सालच्या भारतीय कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात मनुष्येतर सर्व सजीव येतात, म्हणजे कोंबडीही येते, आणि अनावश्यक क्रूर रीतीने प्राण्याला मारणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. आजारी पक्ष्याला उपाशी-तहानेने मरण्याच्या स्थितीत रानात वा रस्त्याच्या कडेला सोडून देणे, हे ‘निसर्गाच्या हवाली करणे’ म्हणून कितीही सौम्य शब्दांत सांगितले तरी, त्याच कायद्यानुसार गुन्हा ठरू शकते. महाराष्ट्रात गावपातळीवरील शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने, 1962 या निःशुल्क क्रमांकावरून मिळणारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा, आणि मुंबईतील परळ, नागपूर व सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये ही विचारपूस करण्याची ठिकाणे आहेत. शहरांतील खासगी पशुवैद्यकांपैकी पुष्कळांचा अनुभव कुत्र्या-मांजरांपुरता असतो, म्हणून पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाचा शोध कोंबडी धडधाकट असतानाच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

त्या दिवशी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. कोंबडीला हवेशीर खोक्यात मऊ कापडावर, मंद प्रकाशात ठेवावे, कारण अंधारात हा पक्षी शांत होतो. धरताना दोन्ही पंख अंगाशी हलके मिटवून खालून आधार द्यावा. पक्ष्यांना मनुष्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधील श्वसनाचा पडदा, नसते आणि त्यांना श्वास घेण्यासाठी छातीचे हाड पुढे-मागे हलावे लागते. म्हणून मायेने घट्ट कवटाळलेली आजारी कोंबडी हातांतच गुदमरू शकते. मुलांना खरे सांगावे. ‘ती गावाला गेली’ किंवा ‘झोपली’ असे सांगितलेले मूल तिच्या परतण्याची किंवा स्वतःच्या झोपेची धास्ती घेते. आजार बरा होणार नव्हता, तिला दुखत होते आणि डॉक्टरांनी तिचे दुखणे थांबवले, एवढे वाक्य पाच-सहा वर्षांच्या मुलालाही कळते. शेवटच्या क्षणी जवळ राहायचे की नाही, हे मुलाला स्वतः ठरवू द्यावे.

मृत्यूनंतरच्या व्यवस्थेत भावनेइतकेच सार्वजनिक आरोग्यही पाहावे लागते. औषध दिलेल्या किंवा आजारी कोंबडीचे मांस कोणीही खाऊ नये, कुत्र्यालाही घालू नये, आणि मृतदेह उघड्यावर टाकू नये, कारण बार्बिट्युरेटचा अंश खाणाऱ्या कुत्र्या-कावळ्यांना, घारींना विषबाधा करू शकतो. जनावरांच्या शरीरात उरलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने भारतातील गिधाडे जवळजवळ नामशेष केली आणि 2006 साली त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला, हा अनुभव ताजाच आहे. अंगणात पुरताना खड्डा निदान दोन-तीन फूट खोल, विहिरीपासून दूर आणि वर चुना टाकून घट्ट बुजवलेला असावा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी पालकांनी लक्षात ठेवावे की तेथे पाळीव कोंबडीही कायद्याने पशुधन मानली जाते, त्यामुळे तिला बागेत पुरण्यास मनाई आहे आणि इंग्लंड-वेल्समध्ये 1 ऑक्टोबर 2024 पासून एकच पक्षी असला तरी नोंदणी सक्तीची आहे.

एका परिस्थितीत मात्र निरोपाचा हा सारा क्रम बाजूला ठेवावा लागतो. अनेक कोंबड्या अचानक दगावल्या, डोके सुजले, तुरे निळे पडले किंवा माना वाकड्या झाल्या तर बर्ड फ्लू वा राणीखेत यांची शंका धरून मृत पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवता पशुसंवर्धन विभागाला ताबडतोब कळवावे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 सालच्या कायद्याने असे कळवणे पालकाचे कर्तव्य केले आहे, आणि फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये.

एकटी मेलेली कोंबडीही पाठीमागे काही प्रश्न ठेवून जाते. शक्य असल्यास तिचे शवविच्छेदन करून घ्यावे; खड्डा खणण्याआधी घेतलेला हा एक निर्णय उरलेल्या कोंबड्यांना वाचवू शकतो, कारण जंत, क्षय किंवा मरेक यांचे निदान झाल्यास खुराड्याची साफसफाई आणि, जेथे उपाय असेल तेथे, औषधोपचार लगेच सुरू करता येतात. कळपात मागे राहिलेल्या कोंबड्यांमध्ये काही दिवस भांडणे वाढतात, कारण उतरंडीतील एक जागा रिकामी झालेली असते. दोनच कोंबड्यांपैकी एक गेली असेल तर उरलेलीला फार काळ एकटे ठेवू नये, परंतु नवी कोंबडी आणल्यावर तिला निदान तीन-चार आठवडे वेगळ्या जागी ठेवून तिची विष्ठा, तुरा आणि श्वास रोज पाहावा, आणि मग जाळीच्या दोन बाजूंनी दोघींची ओळख होऊ द्यावी.